टाचणवहीतला जादा रकाना

सोमवार, ४ ऑगस्ट

धाकटे,

पाकीट न फाडता उघडलंस, एवढं पुष्कळ झालं. तीन वर्षं तू लिहिलं नाहीस, मी लिहिलं नाही. आता मी लिहितेय. मी मोठी आहे म्हणून लिहितेय, दुसरं काही मनात आणू नकोस.

आधी बातमी ऐक. यंदाच्या नमुना पाठासाठी माझी निवड झाली आहे! चाळीस शाळांचे शिक्षक येणार, वरून साहेब येणार, आणि आपल्या सभागृहात सहावीचा वर्ग मांडून मी गणित शिकवणार. विषय लसावि. तारीख पंधरा सप्टेंबर. मोठ्या बाईंनी शिक्षक खोलीत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रकलेचे सरसुद्धा जागे झाले. बावीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे मी, काही उगाच नाही. तुझे भाऊजी म्हणाले, "आता महिनाभर घरात हाच विषय." म्हटलं, "महिनाभर कशाला, जन्मभर!"

एक छोटी भानगड आहे. या वर्षी परिपत्रकात नवीनच टूम निघाली आहे. पाठ म्हणे मुलांच्या घरच्या अनुभवातून, त्यांच्या बोलीतून, त्यांच्या जगण्यातून उभा राहिलेला असावा आणि टाचणात तसं स्पष्ट दिसावं. वाचलं आणि कपाळाला हात लावला. ही तर तुझीच बडबड, फक्त वर सही-शिक्का. टाचणाला रकाने पाच असतात, उद्दिष्ट, साहित्य, शिक्षकाने काय करायचं, मुलांनी काय करायचं आणि शेवटी मूल्यमापन. तुला हे सांगावं लागतंय, कारण तू सहावा आखायचीस. 'कोणाला आधीच येतं?' मी त्याला हसायचे. हसले तर हसले, त्यात एवढं बदली मागून आठ तासांच्या अंतरावर जाऊन बसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

असो. लिहायचं कारण एवढंच की तुझ्या जुन्या वर्गात आता मी बसते आणि मागच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच राहिली आहे. मोठ्या बाईंना कपाट रिकामं हवं आहे. पाठवून दे. आत वह्या-बिह्या असतील तर मी बघून घेईन.

तुझी,
ताई

ता.क. तब्येतीला जप. तुझं ते पायाचं दुखणं बरं आहे का? हे मी सहज विचारतेय.

*

बुधवार, १३ ऑगस्ट

धाकटे,

किल्ली आली नाही. उत्तरही नाही. ठीक आहे. तुझा हट्ट मला नवा नाही, पाळण्यात असल्यापासून बघतेय.

तर आता खरं सांगून टाकते. किल्लीचं मी उगाच लिहिलं. कुलूप मी शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात शिपाई मामांकडून तोडून घेतलं होतं. मोठ्या बाईंना कपाटाशी काही घेणं-देणं नाही. मला तुझी टाचणवही हवी होती आणि ती मला मिळाली. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर शाई सांडलेली. घे, बोल आता काय बोलायचं ते.

माझी टाचणं कशी होतात ते तुला माहीत आहे. दर वर्षी वर्ग सुरू व्हायच्या आधी जुनी वही डावीकडे, नवी वही उजवीकडे, आणि उतरवून काढायचं. अक्षर इतकं सुंदर की तपासणारा अक्षरच बघत बसतो. लसाविसाठी माझं उदाहरण ठरलेलं आहे. एक घंटा सहा मिनिटांनी वाजते, दुसरी आठ मिनिटांनी, दोन्ही एकत्र कधी वाजतील? तू एकदा विचारलं होतंस, "ताई, या दोन घंटा तू कुठे ऐकल्यास गं?" मी म्हटलं होतं, गणितात ऐकायच्या नसतात, सोडवायच्या असतात. काय उत्तर दिलं होतं मी! तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

परवा दुपारी डबा खाताना तुझी वही वाचायला घेतली आणि डबा तसाच राहिला. कोन शिकवायचा, तर 'कोणाला आधीच येतं?' खाली लिहिलंय, 'रंगाऱ्याच्या मुलाला. शिडी किती तिरकी लावली की घसरत नाही ते तो डोळे मिटून सांगतो.' नकाशाच्या धड्याला, 'चार शाळा बदलून आलेल्या मुलीला. नव्या वस्तीत पहिल्या दिवशी काय शोधायचं हे तिच्याइतकं मला येत नाही.' एकेका धड्यापुढे एकेक मूल उभं! आणि तू त्या मुलाला फळ्याकडे बोलवायचीस आणि स्वतः मागे जाऊन बसायचीस. तेव्हा मी दारातून बघायचे आणि म्हणायचे, बघा, हिने काम मुलांवर ढकललंय.

मग मीही करून बघितलं. वेग आणि अंतर. माझ्या वर्गात एक वटवट्या आहे, बापाची मालवाहू गाडी आहे. त्याला म्हटलं, ये, सांग, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी सारख्याच वेळात पोचते का? अगं, तो जो सुटला! घाट, वळणं, डिझेल, वाटेतला चहा किती मिनिटांचा, सगळं आलं. मुलं बाकांवर चढली होती ऐकायला. वर्षानुवर्षं तोच धडा घेतलाय मी, पण घंटा झाल्यावर "बाई, अजून" असं कोणी म्हटलं नव्हतं.

तेव्हा नमुना पाठ या पद्धतीने होणार. पद्धत तुझी असेल, शिकवणं माझं आहे. एवढं तरी तू मान्य करशील.

ताई

*

सोमवार, २५ ऑगस्ट

धाकटे,

आजचं पत्र मी तीनदा फाडलंय. हे चौथं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मी तिला खोडरबर म्हणते, कारण ती जे लिहिते ते खोडते. उत्तर बरोबर असलं तरी खोडते. सगळ्यांत मागे बसते, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. बाप फरश्या बसवायचं काम करतो.

गेल्या बुधवारी क्षेत्रफळाचा धडा होता. तुझ्या वहीत बघितलं. 'कोणाला आधीच येतं? फरशीवाल्याच्या मुलीला. खोली बघून किती फरश्या लागतील आणि किती कापाव्या लागतील, सांगते.' मला काय आनंद झाला! फरशीवाल्याची मुलगी तर माझ्यासमोर बसलेली होती. भर वर्गात म्हटलं, "खोडरबर, ये बाळा पुढे. तुझे बाबा फरश्या बसवतात ना? सांग सगळ्यांना, या वर्गाला किती लागतील?"

ती उभी राहिली. पुढे आली नाही. म्हणाली, "ते ताईला येतं."

मी म्हटलं, "अगं, घरात रोज बघतेस की! लाजतेस काय? तुमच्या घरातलंच आहे हे." पोरं हसली. मी पण हसले. तेव्हा ती एकदम मोठ्याने म्हणाली, "बाई, मी ताई नाही!" आणि खाली बसून वहीचं पान खोडत राहिली, फाटेपर्यंत.

आज चौथा दिवस, ती शाळेत आलेली नाही.

घरी येऊन तुझी वही पुन्हा उघडली आणि पानावरची तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीची. ती फरशीवाल्याची मुलगी म्हणजे हिची मोठी बहीण. ती बापाबरोबर कामावर जायची, ही कधी गेलेलीच नाही. धाकटे, मी तुझा रकानासुद्धा उतरवून घेतला गं. जुनी वही डावीकडे, नवी वही उजवीकडे. जो एकच रकाना दर वर्षी कोरा ठेवून मुलांना विचारून भरायचा असतो, तोच मी सुवाच्य अक्षरात नकलून काढला. असली चूक करायला बावीस वर्षांचा अनुभवच लागतो.

आणि 'मी ताई नाही' हे मी आधी ऐकलं होतं. शिक्षक खोलीत, त्या दिवशी. तू म्हणाली होतीस, "मी तुझी बहीण आहे, तुझी प्रत नाही." लहानपणी तू ज्या ज्या वर्गात गेलीस तिथे मी आधी बसून गेलेली होते. तुझ्या सगळ्या बाई तुला म्हणायच्या, तुझ्या ताईला तर हे यायचं. मला ते ऐकून छान वाटायचं. तुला कसं वाटत असेल हे कालपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

उद्या मी त्या मुलीच्या घरी जाणार आहे. पत्ता हजेरीच्या वहीतून घेतलाय. मी, आणि सहावीतल्या पोरीला घाबरतेय! हस तू.

ताई

*

शनिवार, ३० ऑगस्ट

धाकटे,

गेले होते.

मंगळवारी पाय निघाला नाही, आज गेले. नव्या बांधलेल्या इमारतीच्या मागे एक खोली. दार खोडरबरनेच उघडलं आणि मला बघून ओठांवर बोट ठेवलं. आत तिची आई झोपलेली. ती इस्पितळात सफाईचं काम करते, रात्रीची पाळी करून आली होती. म्हणून आमचं सगळं बोलणं कुजबुजत झालं. चाळीस मुलांना गप्प करणारी मी, दाराशी चटईवर बसून कुजबुजतेय आणि ती पोर मला "हळू, बाई" म्हणतेय.

मी आधी माफी मागितली. सरळ. म्हटलं, "मी तुला तुझी ताई समजले. चुकले." तिने पाणी आणून दिलं.

मग मी तिला विचारलं. वहीत बघून नाही, तिलाच. "तुला काय येतं गं? शाळेतलं सोड." ती म्हणाली, "काही नाही." चटईची कड सरळ केली. मग म्हणाली, "मला फक्त गोल कधी येणार ते कळतं."

कसला गोल? तर तिने दार लोटलं. दाराच्या मागच्या बाजूला कॅलेंडरची पानं चिकटवलेली, उलटी, कोऱ्या बाजूने, त्यावर तिने स्वतः आखलेले चौकोन. आईला दर सहाव्या दिवशी सुट्टी असते, त्या चौकोनात निळा ठिपका. बाबा लांबच्या कामावर राहतात, दर आठव्या दिवशी घरी येतात, तिथे लाल ठिपका. मोठी बहीण आता वसतिगृहात आहे, तेव्हा घरात ही बहुतेक वेळ एकटीच. आणि ज्या चौकोनात निळा आणि लाल दोन्ही पडतात, त्याच्याभोवती गोल. त्या दिवशी आई आणि बाबा दोघं घरी.

मी मोजले. दोन गोलांमध्ये चोवीस दिवस. पुढच्या चार महिन्यांचे गोल तिने आधीच काढून ठेवलेत, एकही चुकलेला नाही. आणि एकही खोडलेला नाही!

माझ्या अंगावर काटा आला. सहा आणि आठ. माझ्या दोन घंटा! मी वर्षानुवर्षं ज्या घंटा वाजवतेय त्या या पोरीने दाराला लावून ठेवल्यात, आणि मी तिला गणितात 'बरी' असा शेरा दिलाय.

विचारलं, "हे वर्गात सांगू?" म्हणाली, "माझं म्हणून नको. कुणाच्या तरी घरचं म्हणून सांगा." कबूल केलं. सोमवारी येते म्हणाली आहे.

परत येताना पायीच आले. आणि आता जे लिहिते ते नीट वाच, कारण पुन्हा लिहिण्याची हिंमत होणार नाही.

मोठ्या बाईंनी त्या वर्षी सगळ्यांची टाचणं तपासायला माझ्याकडे दिली. तुझ्या वहीवर मी लाल शाईने लिहिलं, 'टाचण नमुन्याप्रमाणे नाही. अनावश्यक रकाना. वर्गात घरगुती गप्पा. संपूर्ण वही पुन्हा लिहून आणावी.' आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तू वही उचललीस, वर्गातल्या कपाटात टाकून कुलूप लावलंस आणि निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगत आले की मी नियमाने वागले, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. त्याचंही कौतुक झालं माझं.

नियमबियम काही नव्हतं. त्या आठवड्यात अकरा पालकांचे अर्ज आले होते. मुलाला माझ्या तुकडीतून काढून तुझ्या तुकडीत घालावं म्हणून. मोठ्या बाईंनी ते मला एकटीला दाखवले आणि फाडून टाकले. तुला कधी कळलं नाही. अकरा! मला राग तुझ्या रकान्याचा आला नव्हता गं. मला तुझा हेवा वाटला होता.

लिहून झालं. आता बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

ताई

*

मंगळवार, ९ सप्टेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी कार्ड, आणि त्यावर एक ओळ! 'पहिलं पान वाचलंस का?' ना प्रिय, ना सही. तरी तुझे भाऊजी ते दोनदा मागेपुढे करून बघत होते, आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून. मी ते पर्समध्ये ठेवलंय.

नव्हतं वाचलं. टाचणवहीचं पहिलं पान कोण वाचतं? तिथे नाव, इयत्ता, विषय. तपासतानाही मी ते उलटूनच पुढे गेले होते. वाचलं असतं तर तो शेरा लिहायला माझा हात उचलला नसता.

तू लिहिलंयस, 'सहावा रकाना कुठून आला ते आधी. मी सहा वर्षांची होते. घड्याळ येत नव्हतं म्हणून वर्गाबाहेर उभी केली होती. घरी येऊन रडत होते. ताई तेव्हा दहा वर्षांची. ती म्हणाली, घड्याळ राहू दे, बाबा घरी यायची वेळ झाली हे तुला कसं कळतं? मी म्हटलं, ऊन समोरच्या भिंतीवर कडीपर्यंत चढलं की. ताई म्हणाली, मग येतंय की तुला घड्याळ, फक्त काटे वेगळे आहेत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला घड्याळ आलं. शिकवायच्या आधी विचारायचं, हे मी ताईकडून शिकले.'

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. भिंत आठवते, कडी आठवते. ती दहा वर्षांची मुलगी मला आठवत नाही. ती कुठे गेली गं? माझ्यात होती ना?

तुझं मन किती मोठं, की मी ज्या वहीला नापास केलं तिच्या पहिल्याच पानावर माझं नाव होतं आणि तू तिथल्या तिथे ते मला दाखवलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर पान फाडून तोंडावर मारलं असतं.

पंधरा तारखेला सहा दिवस राहिलेत. खोडरबर रोज येतेय. माझ्याशी अजून जेमतेमच बोलते.

ताई

*

मंगळवार, १६ सप्टेंबर

धाकटे,

झाला पाठ. बस, हातात चहा घे आणि सावकाश वाच.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे साहेब, बाजूला मोठ्या बाई, मागे चाळीस शाळा. मी फळ्यावर लिहिलं, 'एका घरात आई दर सहाव्या दिवशी घरी असते. बाबा दर आठव्या दिवशी. दोघं एकत्र किती दिवसांनी?' मुलांनी सोडवलं, चोवीस. साहेबांनी मान डोलावली. मी खडू ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, चुकलं."

अख्खं सभागृह वळलं. खोडरबर उभी! मोठ्या बाईंचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी म्हटलं, "काय चुकलं?"

"दोघं आधी एकदा एकत्र होते, हे तुम्ही सांगितलंच नाही. ते नसेल तर चोवीस येत नाही."

आणि मग, तुझी शपथ, मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. खडू तिच्यापुढे धरला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

ती फळ्याशी आली. चौकोन आखले, ठिपके दिले. आधी हळू बोलत होती, मग ऐकू येईल असं. म्हणाली, "हे माझ्या घरचं आहे." तिनेच सांगितलं, मी नाही. "एकदा आईची सुट्टी एक दिवस पुढे गेली. मग मी गोल शोधला, तर सापडेचना. महिना शोधला. मग कळलं की असा एका दिवसाचा फरक पडला की सहा आणि आठ कधीच एकत्र येत नाहीत. कितीही पुढे गेलं तरी." आणि फळ्यावर करून दाखवलं. निळा ठिपका, लाल ठिपका, शेजारी शेजारी येतात आणि हुकतात.

इतकी वर्षं मी लसावि शिकवला आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. साहेब स्वतः वहीवर आकडे मांडून बघत होते.

वटवट्याने विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"आईने एक दिवस बदलून घेतला. दुसऱ्या मावशींशी. मग जुळलं."

टाळ्या थांबेनात. ती जागेवर जाऊन बसली आणि मी मुद्दाम बघितलं, वही समोर होती आणि रबर कंपासपेटीत होतं. मला इतका अभिमान कधी स्वतःचा वाटला नाही. छाती फुगणं म्हणतात ते काय असतं ते काल कळलं.

मग साहेब उठले. म्हणाले, "हे टाचण आम्ही छापणार. सहावा रकाना असाच भरलेला ठेवून चाळीसही शाळांना देऊ, म्हणजे सगळे असेच पाठ घेतील. खाली बाईंचं नाव घालू."

माझं नाव. चाळीस शाळांत. धाकटे, तुझ्यापासून काय लपवू, क्षणभर मला ते हवंसं वाटलं. तुझं पहिलं पानही आठवलं. म्हणता आलं असतं, होय साहेब, मूळ कल्पना माझीच, दहा वर्षांची असल्यापासून. खोटंही नव्हतं ते.

मी पिशवीतून तुझी हिरवी वही काढली. म्हटलं, "साहेब, टाचण माझं नाही, हिचं आहे. छापायचं तर हिचं नाव छापा आणि रकाना कोरा छापा. भरलेला दिलात तर सगळे माझ्यासारखाच नकलून काढतील, आणि कुठल्या तरी शाळेत एखादी पोर चार दिवस घरी बसेल." आणि मग तुझ्या वहीवरचा माझा लाल शेरा मोठ्याने वाचून दाखवला. सगळाच. 'अनावश्यक रकाना'सुद्धा गाळला नाही. म्हटलं, "खाली सही माझी आहे. तेव्हा मी चुकले होते."

साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?"

"माझी धाकटी बहीण."

"तुमच्या हाताखाली शिकल्या वाटतं."

"नाही साहेब. मी तिच्या वहीवरून शिकले."

मोठ्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील, नाही बोलल्या तरी माझं काही अडत नाही. साहेबांनी तुझा पत्ता लिहून नेलाय. तुझं नाव छापून येईल तेव्हा मी ते कापून शिक्षक खोलीत लावणार आहे. चित्रकलेच्या सरांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे त्यांना झोप लागणार नाही. अगं, माझी बहीण आहेस तू! हे मी काल चाळीस शाळांसमोर सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका खोलीत सांगायला हवं होतं.

आज शाळा सुटल्यावर खोडरबर टेबलाशी आली. माझ्या टेबलाशी ती पहिल्यांदाच आली. म्हणाली, "बाई, तुमची बहीण तुमच्याकडे किती दिवसांनी येते?"

म्हटलं, "येत नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही जात नाही."

ती म्हणाली, "मग तुमचं जुळणारच नाही. कुणीतरी दिवस बदलून घ्यायला पाहिजे."

येत्या शनिवारी शाळेत माझी देखरेखीची पाळी होती. ती मी चित्रकलेच्या सरांना दिली. सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत पोचेन. वही घेऊन येतेय. तू काही करू नकोस, फक्त घरी अस.

ताई